हिरवळीतील तण : अमेरिकी अंगणाचा एक हंगामी इतिहास

घरापुढे राखलेली कापलेली हिरवळ अमेरिकेत आज इतकी सर्वत्र दिसते की ती त्या भूमीचीच नैसर्गिक देणगी असावी असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मात्र त्या हिरवळीतील गवत, तिच्यात उगवणारे बहुतेक तण आणि ते तण उपटून टाकावे ही कल्पना, या तिन्ही गोष्टी अटलांटिक ओलांडून युरोपातून आलेल्या आहेत. उत्तर अमेरिकेतील हिरवळीचे मुख्य गवत ज्याला ‘केंटकी ब्लूग्रास’ म्हणतात, ते मूळचे केंटकीचे नव्हे, तर युरोप आणि आशियाच्या थंड प्रदेशांतील आहे, आणि वसाहतकारांनी गुरांसाठी आणलेल्या चाऱ्याबरोबर ते तेथे पसरले. २००५ साली उपग्रहचित्रांच्या आधारे प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार अमेरिकेतील हिरवळींचे एकूण क्षेत्र सुमारे १,६३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून थोडे अधिक भरते. ज्यातून धान्य मिळत नाही, फळ मिळत नाही आणि बहुतेक ठिकाणी गुरेही चरत नाहीत, अशा या एवढ्या मोठ्या ‘पिका’तील तणनियंत्रणाचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट ठळकपणे दिसते : कोणत्या वनस्पतीला तण म्हणायचे हे त्या वनस्पतीच्या गुणदोषांपेक्षा माणसाच्या हाती त्या काळी कोणते साधन होते यावरच अधिक ठरत गेले.

हिरवळीची आवड इंग्लंडच्या जमीनदारी उद्यानांतून आली. तेथे गवत मेंढ्या चारून किंवा लांब दांड्याच्या विळ्याने कापून आखूड ठेवले जाई, आणि त्यातील नको असलेली रोपे हाताने उपटली जात. हॅम्प्टन कोर्टसारख्या राजवाड्यांच्या हिशेबांत तण काढणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीच्या नोंदी सापडतात. मजुरांची फौज पदरी असल्याशिवाय हिरवळ राखणे शक्य नव्हते, म्हणून ती ऐश्वर्याची खूण ठरली. १८३० साली इंग्लंडमधील स्ट्राउड या कापडगिरण्यांच्या गावी एडविन बडिंग यांनी लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्राच्या धर्तीवर गवत कापणारे यंत्र बनवले आणि त्याचे पेटंट घेतले. फिरत्या पात्यांच्या या यंत्रामुळे मध्यमवर्गीय कुटुंबालाही हिरवळ परवडू लागली. अमेरिकेत अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग यांनी १८४१ च्या आपल्या उद्यानविषयक ग्रंथातून आणि फ्रँक स्कॉट यांनी १८७० च्या पुस्तकातून उपनगरी घरापुढे मोकळी, कुंपण नसलेली, शेजाऱ्याच्या हिरवळीला सलग जोडलेली हिरवळ असावी असा आदर्श मांडला. शिकागोजवळील रिव्हरसाइड या वसाहतीच्या १८६९ च्या आराखड्यात फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी घरे रस्त्यापासून तीस फूट मागे घेण्याची अट घालून त्या आदर्शाला जमीनही मिळवून दिली. कुंपण गेल्यामुळे हिरवळ घराची न राहता रस्त्याची, म्हणजे लोकांच्या नजरेची झाली, आणि एका अंगणातील तण हा सगळ्या आळीचा प्रश्न बनला. तणनियंत्रणाच्या पुढील इतिहासामागची सामाजिक सक्ती याच रचनेतून आलेली आहे.

या हिरवळीत उगवणाऱ्या तणांचे हंगामानुसार दोन मोठे गट पडतात, आणि मराठी वाचकाला खरीप-रब्बीच्या विभागणीवरून ते लगेच ध्यानात येतील. पहिला गट शरद ऋतूत उगवणाऱ्या, बर्फाखाली लहान रोपाच्या रूपात हिवाळा काढणाऱ्या आणि वसंतात फुलून बी टाकून मरणाऱ्या वनस्पतींचा आहे. चिकवीड, हेनबिट आणि वर्षायू ब्लूग्रास ही त्यांतील नेहमीची नावे. दुसरा गट वसंतात माती तापल्यावर उगवणाऱ्या, भर उन्हाळ्यात फोफावणाऱ्या आणि पहिल्या गोठवणाऱ्या थंडीत मरणाऱ्या वनस्पतींचा असून त्याचा म्होरक्या ‘क्रॅबग्रास’ हा आहे. डँडेलायन आणि पांढरा क्लोव्हर या दोन वनस्पती मात्र बहुवर्षायू आहेत. त्या हंगामाबरोबर जात नाहीत, फक्त हंगामानुसार नजरेत भरतात. यांपैकी डँडेलायन ही आपल्याकडील पाथरीच्या कुळातील, पिवळ्या फुलांची, पांढरा चीक असलेली आणि गाजरासारखे खोल सोटमूळ असलेली वनस्पती. युरोपातून आलेल्या लोकांनी ती भाजी व औषध म्हणून जवळ केली होती, आणि इटलीतून आलेली कुटुंबे तिची कोवळी पाने वसंतात खुडून नेत.

क्रॅबग्रास जवळून पाहण्याजोगे आहे, कारण त्याच्या देहरचनेतच त्याच्या चिवटपणाचे उत्तर आहे. डिजिटेरिया सँग्विनॅलिस हे त्याचे शास्त्रीय नाव. मातीचे तापमान साधारण १३ अंश सेल्सियसच्या आसपास काही दिवस टिकले की त्याचे बी रुजू लागते, आणि सुरुवातीला फिकट पोपटी, किंचित लव असलेली दोन-तीन पाने एवढाच त्याचा पसारा असतो. उन्हाळा चढला की बुडापासून फुटवे निघतात व ते उभे न वाढता जमिनीला चिकटून चहूकडे आडवे पसरतात, त्यांच्या पेऱ्यांना जिथे माती लागते तिथे नवी मुळे फुटतात, त्यामुळे कापणीयंत्राचे पाते वरून निघून गेले तरी रोपाचा मुख्य भाग शाबूत राहतो. थंड हवेतील ब्लूग्रास ज्या जुलै-ऑगस्टच्या उष्म्यात सुस्तावते, नेमक्या त्याच काळात उष्ण प्रदेशातील गवतांसारखी प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षम पद्धत असलेले क्रॅबग्रास जोमात येते. उन्हाळ्याअखेर त्याच्या दांड्याच्या टोकाला पंजाच्या बोटांसारखी कणसे फुटतात. मोकळ्या जागी वाढलेले एकच रोप दीड लाखापर्यंत बिया देऊ शकते, आणि त्यातील बऱ्याच बिया मातीत अनेक वर्षे सुप्त राहतात. थंडी पडताच रोप मरते आणि मागे तपकिरी ठिगळ उरते. मध्य आणि पूर्व युरोपात याच गवताचे दाणे एकेकाळी भरडून खाल्ले जात, ही गोष्ट अमेरिकी हिरवळीच्या साहित्यात क्वचितच सांगितली जाते.

रसायनांपूर्वीच्या काळात या तणांवरचा उपाय हात आणि अवजार हाच होता. टोकाला दुभंगलेली जीभ असलेली लोखंडी सळई डँडेलायनच्या मुळाशी खुपसून, तिला तरफेसारखी वाकवून सोटमूळ अखंड काढावे लागे, कारण मुळाचा तुकडा मातीत राहिला तर त्यातून पुन्हा रोप उभे राही; ज्याने हरळीच्या काशा खणून काढल्या आहेत त्याला या कामाची जात वेगळी सांगायला नको. क्रॅबग्राससाठी दाताळ्याने आडवे फुटवे उभे करून मग कापणी करणे, म्हणजे निदान कणसे तरी कापली जातील, हा सल्ला दिला जाई. याच काळात बियाण्याच्या शुद्धतेला महत्त्व आले. ओहायो राज्यातील मेरिसव्हिल येथे ओर्लँडो स्कॉट यांनी १८६८ साली शेतकऱ्यांना तणाच्या बियांची भेसळ नसलेले बियाणे विकण्यासाठी जी पेढी काढली, तीच पुढे हिरवळीच्या बियाण्याकडे वळली आणि १९२८ पासून घरमालकांसाठी ‘लॉन केअर’ नावाची पत्रिका काढू लागली. तणांची चित्रे, त्यांच्या सवयी आणि त्यांच्यावरचे उपाय घरोघर पोचवणाऱ्या या पत्रिकेने लोकांना तण ओळखायला शिकवले, हे तिचे खरे कार्य. पण ओळखायला शिकवणे आणि खपवून न घ्यायला शिकवणे यांत अंतर फार थोडे होते.

रासायनिक उपायांची पहिली पायरी शेतीतून आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्थ डाकोटात हेन्री बॉली यांनी गव्हातील मोहरीवर्गीय तणांवर मोरचूद आणि हिराकस म्हणजे आयर्न सल्फेट यांचे द्रावण फवारून पाहिले होते. रुंद पानांवर द्रावण साचून ती करपत आणि गव्हाच्या उभ्या, अरुंद पानांवरून ते ओघळून जाई. हेच हिराकस विसाव्या शतकाच्या आरंभी डँडेलायनवर वापरले जाऊ लागले. दुसरीकडे गोल्फच्या मैदानांनी संशोधनाला पैसा पुरवला. अमेरिकी कृषी खात्याने १९१६ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन येथे गवतांच्या चाचणीचे वाफे घातले, तेथील शास्त्रज्ञ चार्ल्स पायपर आणि रसेल ओकली यांनी १९१७ मध्ये गोल्फच्या हिरवळीवर ग्रंथ लिहिला आणि १९२० मध्ये अमेरिकी गोल्फ संघटनेने ‘ग्रीन सेक्शन’ हा संशोधन विभाग स्थापन केला.  गोल्फच्या मैदानांवर गांडुळे आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या मारण्यासाठी टाकलेल्या लेड आर्सेनेटमुळे क्रॅबग्रास व वर्षायू ब्लूग्रासही कमी उगवते असे लक्षात आले, आणि शिसे व सोमल यांचे ते विष तणांसाठी म्हणूनही मातीत मिसळले जाऊ लागले. एक गोष्ट मात्र या सगळ्या काळात बदलली नाही : पांढरा क्लोव्हर हा हिरवळीचा सन्मान्य सदस्य होता. आपल्याकडे गुरांसाठी लावतात त्या बरसीमचा हा सख्खा भाऊबंद हवेतील नत्र मुळांच्या गाठींत स्थिर करून गवताला पुरवतो, उन्हाळ्यात हिरवा राहतो, आणि मोकळ्या जागा भरून काढतो. म्हणून चांगल्या बियाणे-मिश्रणात तो मुद्दाम घातला जाई.

हे सगळे उलटवणारे रसायन दुसऱ्या महायुद्धाच्या गुप्त प्रयोगशाळांतून आले. वनस्पतींच्या वाढीचे नियमन करणारी द्रव्ये जास्त मात्रेत दिली तर त्याच वनस्पतीला मारू शकतात, हा विचार १९४०-४१ च्या सुमारास ब्रिटन आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी पुढे आला. ब्रिटनमध्ये इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीचे विल्यम टेंपलमन आणि रॉथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्राशी संबंधित संशोधक, तर अमेरिकेत शिकागो विद्यापीठातील एझ्रा क्राउस हे त्याचे प्रवर्तक होते. क्राउस यांनी शत्रूची पिके नष्ट करण्यासाठी या द्रव्यांचा उपयोग सुचवला आणि मेरीलँडमधील कँप डेट्रिक या लष्करी तळावर त्यांची चाचणी झाली. युद्धात ती वापरली गेली नाहीत. पण १९४४ मध्ये कृषी खात्याच्या पॉल मार्थ आणि जॉन मिचेल यांनी प्रसिद्ध केले की २,४-डी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्याने ब्लूग्रासच्या हिरवळीतील डँडेलायन मरतात आणि गवत मात्र तगते. ग्रीन सेक्शनचे काम युद्धकाळात सांभाळणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञ फॅनी-फर्न डेव्हिस यांनी राजधानीच्या हिरवळींवर त्याच्या चाचण्या घेतल्या, आणि १९४५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील अमेरिकन केमिकल पेंट कंपनीने ‘वीडोन’ या नावाने ते बाजारात आणले. त्याची क्रिया विलक्षण आहे : पान ते शोषून घेते, रसवाहिन्यांतून ते मुळापर्यंत जाते, द्विदल रोपाची वाढ अनियंत्रित होते, देठ पिळवटतात, पाने मुरडतात, आणि काही दिवसांत डँडेलायनचे ते दाद न देणारे सोटमूळही मातीतच मरते. एकदल गवत ते द्रव्य लवकर निकामी करते आणि वाचते. देशातील उत्पादन १९४५ मधील सुमारे नऊ लाख पौंडांवरून १९४६ मध्ये चोपन्न लाख पौंडांवर गेले. महाराष्ट्रात गहू आणि उसातील रुंद पानांच्या तणांवर शेतकरी ज्याला ‘टू-फोर-डी’ म्हणतात ते हेच.

क्लोव्हरचे भवितव्य येथे ठरले, आणि या इतिहासातील सर्वांत शोचनीय भाग हाच म्हणावा लागतो. क्लोव्हर द्विदल असल्याने डँडेलायनसाठी फवारलेल्या औषधाने तोही मरे किंवा खुरटे. ज्या औषधाने तण मरते त्याने मित्रही मरतो हे सांगून औषधाचा खप कमी करण्याऐवजी मित्रालाच तणांच्या यादीत टाकणे सोपे होते. एका पिढीच्या आत बियाण्याच्या मिश्रणांतून क्लोव्हर गेला, नत्र पुरवणारा घटक नाहीसा झाल्यावर पिशवीतील नत्रखत विकत घेणे भाग पडले, आणि खत व तणनाशक एकाच दाण्यात मिसळलेली उत्पादने त्यासाठी निघाली. क्लोव्हरमध्ये कोणताही नवा दोष उत्पन्न झाला नव्हता.

युद्धानंतरच्या याच वर्षांत घरमालकांची संख्याही झपाट्याने वाढली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ ते १९५१ या काळात उभारलेल्या लेव्हिटटाउन या सतरा हजारांहून अधिक घरांच्या वसाहतीत प्रत्येक घराला हिरवळ लावून देण्यात आली, ती नियमाने कापण्याचे बंधन करारात घालण्यात आले, आणि बांधकाम करणाऱ्या कुटुंबातील ज्येष्ठ एब्रहॅम लेव्हिट रहिवाशांसाठी बागेविषयी स्तंभलेखन करीत. त्याच करारांत कृष्णवर्णीयांना घर नाकारण्याचेही कलम होते. एकसारखे अंगण आणि एकसारखे शेजारी या दोन्हींचा आग्रह एकाच कागदावर लिहिला गेला होता, ही वस्तुस्थिती हिरवळीच्या इतिहासातून वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

रुंद पानांची तणे मेल्यानंतर हिरवळीत ज्या रिकाम्या जागा उरल्या, त्या क्रॅबग्रासने बळकावल्या. ते स्वतः एकदल गवत असल्यामुळे २,४-डी त्याला सहज मारू शकत नव्हते, आणि अतिशय आखूड कापणी व रोज थोडेथोडे पाणी शिंपडण्याची उपनगरी सवय त्याला पोषकच होती. म्हणून १९४० च्या दशकाअखेरीपासून त्याच्याविरुद्ध एकामागून एक विषे आणली गेली : पाऱ्याचे एक सेंद्रिय संयुग, पोटॅशियम सायनेट, सोमलाची सेंद्रिय संयुगे आणि क्लोरडेन हे कीटकनाशक. यांपैकी काही उगवलेल्या रोपावर फवारली जात, तर क्लोरडेन आणि लेड आर्सेनेट उगवणीपूर्वी मातीवर टाकले जाई. १९५८ मध्ये ‘डॅक्थल’ या नावाने आलेल्या डीसीपीए या रसायनाने उगवणपूर्व तणनाशकांचे नवे युग सुरू झाले. अशी तणनाशके बी रुजू देतात. मात्र मातीच्या वरच्या थरात पसरलेल्या पातळ आवरणातून कोंब व मूळ बाहेर पडताना त्यांतील पेशींचे विभाजन थांबवतात, त्यामुळे रोप वर येण्याआधीच संपते. महाराष्ट्रातील कांदा व सोयाबीन उत्पादक वापरतात ते पेंडिमेथालिन याच प्रकारचे असून तेही पुढे अमेरिकी हिरवळीवर मोठ्या प्रमाणावर वापरले जाऊ लागले. या पद्धतीत सगळे यश वेळेवर अवलंबून असते : आवरण लवकर टाकले तर ते उन्हाळ्यापूर्वी विरते, उशिरा टाकले तर रोपे उगवून गेलेली असतात. हवामानखात्याच्या आकड्यांपेक्षा सामान्य माणसाला उपयोगी पडणारी खूण म्हणून फॉर्सिथिया या पिवळ्या फुलांच्या झुडपाकडे पाहिले जाऊ लागले; ते फुलून पाकळ्या झडू लागल्या की औषध टाकण्याची मुदत संपत आली असे समजावे, हा सल्ला उत्तरेकडील राज्यांत आजही दिला जातो.

रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या १९६२ च्या ग्रंथाची आठवण बहुधा डीडीटी आणि पक्ष्यांच्या संदर्भात काढली जाते, पण त्यात क्रॅबग्रासविरुद्धच्या या मोहिमेचाही समाचार घेतलेला आहे. पारा, सोमल आणि क्लोरडेन असलेली उत्पादने आकर्षक नावांनी व वेष्टनांनी घरोघर जातात, हे दाखवून त्यांनी असे प्रतिपादन केले की क्रॅबग्रास हा रोग नसून दुबळ्या हिरवळीचे लक्षण आहे. माती सुपीक असेल आणि गवत दाट असेल तर त्याच्या बीला रुजायला मोकळी जागाच मिळत नाही. कृषी विद्यापीठांच्या विस्तार सेवांनी पुढे जे सांगितले ते याहून फारसे वेगळे नाही : गवत तीन इंच किंवा त्याहून उंच राखावे, पाणी क्वचित पण भरपूर द्यावे, आणि नवे बी उन्हाळ्याच्या अखेरीस पेरावे, म्हणजे पुढच्या वसंतात क्रॅबग्रासला उघडी माती मिळणार नाही. आयोवा स्टेट विद्यापीठात निक ख्रिश्चन्स यांनी १९८० च्या दशकात मक्यातून स्टार्च काढल्यावर उरणाऱ्या ग्लूटेनला उगवणपूर्व गुण असल्याचे शोधून १९९१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. क्लोरडेन आणि लेड आर्सेनेट यांचा वापर १९८८ पर्यंत अमेरिकेत बंद झाला, पण ज्या अंगणांत आणि मैदानांत ते टाकले गेले होते तेथील शिसे व सोमल मातीत राहिले.

कोणत्या वनस्पतीला तण म्हणायचे हे प्रदेशावरही ठरते, म्हणून हरळीचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. गणेशपूजेत दूर्वा म्हणून वाहिली जाणारी आणि काळ्या रानात शेतकऱ्याच्या नाकी नऊ आणणारी, खोल नांगरट करून काशा उन्हात वाळवल्याशिवाय न हटणारी ही वनस्पती अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ‘बर्म्युडा ग्रास’ या नावाने हिरवळीचे मुख्य गवत आहे. शेकडो मैल उत्तरेला, ब्लूग्रासच्या प्रदेशात, तीच पुन्हा तण ठरते आणि तिच्यावर फवारणी होते. न्यू जर्सीतील मराठी घरात गणपतीसाठी दूर्वा हवी असते तेव्हा ती त्या प्रदेशाच्या दृष्टीने तणच असते.

हिरवळीवरील फवारणीतच कायद्याने हस्तक्षेप केला तो कॅनडात. क्वेबेक प्रांतातील हडसन या छोट्या गावाने, त्वचारोगतज्ज्ञ जून अर्विन यांनी अनेक वर्षे नगरसभेत लावून धरलेल्या मागणीनंतर, १९९१ मध्ये केवळ शोभेसाठी होणाऱ्या फवारणीवर बंदी घातली. हिरवळीची देखभाल करणाऱ्या कंपन्यांनी तिला आव्हान दिले आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गावाचा अधिकार मान्य केला. क्वेबेकने २००३ मध्ये आणि ओंटारियोने २००९ मध्ये प्रांतभर तसे निर्बंध आणले. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये डीसीपीएचा वापर तातडीच्या आदेशाने थांबवला, कारण गर्भवती स्त्रीचा या रसायनाशी संपर्क आल्यास गर्भाच्या थायरॉईड संप्रेरकांवर परिणाम होण्याचा धोका दिसून आला होता. हिरवळीवरील त्याचा वापर उत्पादकाने त्याआधीच, २०२३ च्या अखेरीस, सोडून दिला होता. क्रॅबग्रासच्या नियंत्रणासाठी साडेसहा दशके विकले गेलेले औषध अशा रीतीने बाजारातून गेले.

क्लोव्हर मात्र परत येतो आहे. परागीभवन करणाऱ्या कीटकांची घटती संख्या लक्षात घेऊन मिनेसोटा राज्याने २०१९ मध्ये ‘लॉन्स टू लेग्यूम्स’ ही योजना सुरू केली, आणि हिरवळीत पांढरा क्लोव्हर व त्यासारखी फुलणारी बुटकी रोपे लावणाऱ्या घरमालकांना खर्चाचा काही भाग सरकारी निधीतून मिळू लागला. ज्या घराने हे अनुदान घेऊन क्लोव्हर पेरला, त्याला डँडेलायनवर २,४-डी फवारता येत नाही, कारण ते नव्याने पेरलेल्या रोपालाही मारते. त्यामुळे अशा अंगणात डँडेलायन काढायचे असेल तर दुभंगलेल्या जिभेच्या सळईखेरीज दुसरा मार्ग उरत नाही, आणि अवजारांच्या दुकानांत ती अजूनही विकत मिळते.